अक्काचा बारका ट्रॅक्टर

अक्काला अपमान पाठ असत. कोण, कुठे, काय बोललं हे ती वीस वर्षांनीही शब्द न चुकता सांगे आणि सांगताना तिचा आवाज जराही चढत नसे. नात्याने ती माझी मावशी. पण नरडाण्याजवळच्या त्या गावात सगळेच तिला अक्का म्हणत, म्हणून मीही.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेले आणि वर्षाच्या आत तिच्या दिरांनी, आबांनी, वाटणी मागितली. मोठा नवा ट्रॅक्टर त्यांनी स्वतःकडे ठेवला. काकांनी तरुणपणी घेतलेला, जेमतेम कमरेएवढा जुना ट्रॅक्टर गोठ्यामागे गंजत पडला होता. कोंबड्या त्याच्या सीटवर अंडी घालत. पंचांसमोर आबा म्हणाले, “अक्काले तो बारका द्या. देव्हारामा ठेवी नि पूजा करी.” सगळे हसले. अक्काने कपबशा गोळा केल्या आणि ती आत गेली.

आठवड्याने तिने मला बोलावलं. जळगावला पिंप्राळ्यात माझा लेथवर लोखंड कातायचा छोटा कारखाना आहे. त्या ट्रॅक्टरला तिला माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर बसवून हवा होता. मी म्हटलं, इंजिन कसंही करून सुरू करीन, पण इतक्या जुन्या यंत्राला आजचं अवजार जुळायचं नाही. त्यापेक्षा बैलजोडी लाव. तिने सगळं ऐकून घेतलं.

“माले जमीन नही कसनी, भाऊ,” ती म्हणाली. “माले त्यानी मान खाले पाडनी शे.”

तिने एक गोष्ट हेरली होती. गावात लिंबाच्या बागा. झाडांच्या फांद्या पसरून ओळी इतक्या अरुंद झालेल्या, की मोठा ट्रॅक्टर आत शिरत नसे, आणि काट्यांमुळे निंदायला मजूर मिळत नसत. आबांचीही लिंबाचीच बाग होती.

ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचे दाते एका मापाचे, रोटाव्हेटरचे दुसऱ्या. दोन्हीकडे बसेल असं कपलिंग मी कातलं. ते अर्ध्या तासात तुटलं. दुसरं चांगल्या पोलादाचं केलं, ते टिकलं. मग रोटाव्हेटर उचलला की पुढची चाकं जमीन सोडायला लागली. अक्काने फुटक्या जात्याची तळी आणून पुढे साखळीने बांधली. तीन रविवार यात गेले. पाना धरायला तीच. चौथ्या रविवारी पदर कमरेला खोचून ती स्वतः सीटवर बसली आणि फांद्यांखालून डोकं वाकवत पहिली ओळ काढून आली.

त्या हंगामात तिने जवळजवळ सगळ्या बागांतून रोटाव्हेटर फिरवला. आबांच्या बागेच्या दोन्ही अंगांची शेतं अगदी बांधाला चिकटून भुसभुशीत केली. मधे आबांच्या झाडांखाली गुडघाभर हरळी. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. अक्काने निरोप्याला चहा पाजला, उत्तर दिलं नाही.

शेवटी आबा स्वतः आले. मी ब्लेड बदलत होतो, शेजारचे दोघं-तिघं उभे होते. आबांनी बाग फिरवून दे म्हटलं. अक्का हात पुसत म्हणाली, “वाटणीना दिन काय बोलनात, ते परत बोला.”

ती वाट पाहत राहिली. मग खाली बघत त्यांनी ते वाक्य म्हटलं, अर्धंमुर्धं, पुटपुटत. कोणी हसलं नाही.

“हा, पूजा चालू शे,” अक्का म्हणाली. “तुमना शेतमा येवाले जमाव नही.”

ती कधीच गेली नाही. दोन वर्षांनी आबांनी बाग तोडून कपाशी लावली. आता पुरे, असं मी एकदा तिला म्हटलं, तर तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी अक्का गेली. दिवसकार्य झाल्यावर आबा पिंप्राळ्याला माझ्या कारखान्यात आले. त्यांनी पुन्हा लिंबं लावली होती, कुठूनसा तसलाच जुना ट्रॅक्टर मिळवला होता. तसं कपलिंग करून दे म्हणाले. फार थकले होते. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, ती मापं आता माझ्याकडे नाहीत.

मापांची वही समोरच्या फळीवर होती. ते रिक्षात बसेपर्यंत मी दारात उभा राहिलो. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. अक्काला ती लाज कधी शिवली नसती.