रतनच्या वाट्याचं काम

चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी मेहरूणच्या घरात गच्चीवर कुरडया उलटत होते. दुपारचे तीन वाजले असतील. "सुलभा, शांतवन गेला. खुर्चीत बसल्या बसल्या झोपला, तो उठलाच नाही," एवढंच ते म्हणाले. मी लगेच निघाले. धुळ्याच्या एसटीत मला डुलकी लागली. पारोळ्याला जाग आली तेव्हा क्षणभर वाटलं, मी आठ वर्षांची आहे, सुट्टी लागली आहे आणि मामाकडे चालले आहे. मग पिशवीतली पांढरी साडी दिसली. त्याला आता दीड महिना झाला, पण ती डुलकी अजून पुरती उतरलेली नाही.

शांतवनमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. धुळ्यात त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. खुर्च्या, पलंग, दारांच्या चौकटी हे पोटापाण्याचं. आमच्या चर्चमधलं कोणी वारलं की शवपेटी मात्र तो फुकट करून द्यायचा, आणि ती बाहेरून जितकी गुळगुळीत तितकीच आतून. शेजारच्या दुकानातले सुकलाल मिस्तरी एकदा वैतागून म्हणाले होते, "भाऊ, मझारथून कसाले रंधा मारतस? कोन देखस?" मामानं हात न थांबवता सांगितलं, "जो निजस त्याले टोचस." मी तेव्हा भुशाच्या ढिगात पाय खुपसून बसले होते. उन्हाच्या तिरिपीत भुसा तरंगत होता, रंध्याचा खर्र खर्र आवाज येत होता, आणि जगात वाईट असं काही घडूच शकत नाही असं मला वाटत होतं.

त्या दुकानात रोज चार वाजता पाळकसाहेब यायचे. मामाच्याच वयाचे, हडकुळे, बोलायला लागले की चहा निवलेला कळायचा नाही. वाद एकच, चाळीस वर्षं. माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशानं होतं? पाळकसाहेब म्हणायचे, देवाच्या कृपेनं. ती विश्वासानं फक्त घ्यायची असते, कमवायची नसते. मामा म्हणायचा, हात हलवल्याशिवाय साधं स्टूल होत नाही, तिथे तारण कसलं होतंय?

"म्हणजे मी रंधा ठेवून देऊ?"

"ठेव की. तारणाला काही होत नाही. माझ्या खुर्चीचा पाय तेवढा बसवून दे, मग ठेव."

दोघंही हट्टी, उडदामाजी काळे गोरे. मामी हयात असताना म्हणायची, यांना स्वर्गात जागा मिळेल, पण शेजारी शेजारी देऊ नका.

रतनमामा जिवंत होता तोवर या वादात हसू होतं. तो मामाचा धाकटा भाऊ. दारू प्यायचा, चर्चची पायरी त्यानं कित्येक वर्षांत चढली नव्हती. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो झिंगून दारात आला. घरात पाहुणे होते. मामानं त्याला आत घेतलं नाही, "शुद्धीवर आलास की ये," म्हणून कडी लावली. रतनमामा आला नाही. दोन महिन्यांनी पाचोऱ्याला एका बंद दुकानाच्या ओट्यावर तो मेलेला सापडला. त्याची पेटीही मामानंच केली. उन्हं तापायला लागली होती, लोक घाई करत होते, आणि हा आतून रंधा मारत होता. कोणाची अडवायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मामा दुप्पट काम करायला लागला. शाळेची बाकं दुरुस्त कर, कोणा म्हातारीचा दरवाजा बसवून दे, सगळं फुकट. गाव म्हणायचं, काय देवमाणूस आहे. खरं काय ते त्यानं पाळकसाहेबांना माझ्यासमोर सांगितलं. "रतनच्या हातून काहीच झालं नाही. त्याच्या वाट्याचं मी करतोय."

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "शांतवन, एकाचं काम दुसऱ्याला लागू पडत नाही रे."

"मग प्रभूनं क्रुसावर केलेलं आपल्याला कसं लागू पडलं?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

गेल्या वर्षापासून मामाचे हात कापायला लागले. रंधा धरवेना. मी त्याला भेटायला गेले की तो दुकानात रंधा मारायच्या रिकाम्या बाकापुढे बसलेला असायचा, डोळे अर्धे मिटलेले. जागा आहे की स्वप्नात, कळायचं नाही. शेवटच्या भेटीत मी त्याला केळं सोलून भरवत होते. पूर्वी तो साधं पाणीसुद्धा मला आणू न देता स्वतः उठून घ्यायचा. त्या दिवशी निमूट तोंड उघडलं. मग म्हणाला, "सुले, पाळक म्हणतो तेच खरं असलं पाहिजे. माझं खरं असेल तर रतन कायमचा गेला. मी वादात हरलो तर तो वाचतो." थोड्या वेळानं म्हणाला, "चाळीस वर्षांचं काम पाण्यात जाईल. जाऊ दे…" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग आला होता, कोणाचा ते आजही सांगता येत नाही.

साऱ्या गावाच्या पेट्या करणाऱ्यानं स्वतःसाठी एक कोपऱ्यात करून ठेवली असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. हात कापायला लागण्याआधी कधीच करून ठेवता आली असती. मामा गेला त्या संध्याकाळी दुकान पालथं घातलं, पेटी नव्हती. सुकलाल मिस्तरी म्हणाले, "भाऊनी माले सांगेल व्हतं. म्हने, मनी पेटी मी करावं नई. माले फुकटनी लागू दे." आणि त्यांनीच रात्रभर जागून ती केली.

परवा मी सुकलाल मिस्तरींना दुकानाची किल्ली द्यायला धुळ्याला गेले होते. चार वाजले होते. दुकान उघडलं तसे पाळकसाहेब आले आणि एकटेच बाकासमोर बसले. मी चहा आणला आणि न राहवून विचारलं, "साहेब, रतनमामाचं काय झालं असेल?"

चाळीस वर्षं ज्यांच्या जिभेवर उत्तर तयार असायचं, त्यांनी बाकावरचा जुना भुसा हातानं पुसून काढला. बाहेर उन्हात एक सायकल हळूहळू निघून गेली.

"मला माहीत नाही, पोरी," ते म्हणाले. "पण भावासाठी शांतवन हरायला तयार झाला. देवाचं काळीज शांतवनपेक्षा लहान असेल, हे काही मला मानवत नाही."