हिरवी तार

माझ्या मावशीला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, पण माणसाच्या अंगाचं माप ती दारातूनच नजरेने घेते. तिने उभा जन्म दोन कामं केली: लोकांचे कपडे शिवले आणि नवऱ्याचा हेकटपणा सांभाळला. दुसरं काम पहिल्यापेक्षा जड होतं, असं माझं मत. ती कधी तसं म्हणाली नाही.

नवरा, म्हणजे माझे काका, वायरमन. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे त्यांना उस्ताद म्हणत. लोकांच्या घरी वायरिंगची एक पट्टी तिरकी गेलेली त्यांना खपायची नाही, आणि स्वतःच्या घरात मात्र सगळा उरल्यासुरल्याचा कारभार. कुठे कामावरून उरलेला वायरचा तुकडा, कुठे कुणीतरी काढून टाकलेलं बटण. आतल्या खोलीत तर प्लग लावायला जागाच नव्हती, फक्त दिव्याचा एक पॉइंट. टेबलफॅनसाठी काकांनी दोन तारांच्या जुन्या वायरचं एक एक्स्टेन्शन करून दिलं होतं. ते बाहेरच्या खोलीतून उंबरा ओलांडून आत यायचं आणि जमिनीवर पडून असायचं. मावशी त्याला साप म्हणायची. “उद्या नीट करतो गं,” असं काका म्हणायचे. तो उद्या उजाडायच्या आत त्यांची फुप्फुसं निकामी झाली.

मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते घेऊन आलेला माणूस बजावून गेला, “हे एक्स्टेन्शनवर लावायचं नाही हं. भिंतीतल्या सॉकेटलाच लावा.” भिंतीतलं सॉकेट बाहेरच्या खोलीत आणि काका आतल्या पलंगावर. बाहेर मावशीकडे दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा. “नाकात नळी घातलेला उस्ताद काय प्रदर्शनात मांडायचाय?” असं म्हणून काका बाहेर यायला तयार होईनात. शेवटी मशीन सापालाच जोडलं.

तेव्हापासून मावशीचा जीव टांगणीला लागला. कुणाचा पाय वायरला लागला की प्लग सैल व्हायचा, मशीन कर्कश ओरडायला लागायचं आणि काकांचे ओठ निळे पडायचे. मावशी हातातलं शिवण टाकून आत धावायची. पुढेपुढे तर ती शिवताना एक पाय वायरजवळ ठेवून बसायची, कुणी ओढली तर आधी आपल्याला कळावं म्हणून. त्यात मशीनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. ती कापड मापायच्या लाकडी पट्टीने बटण दाबायची, तेही काका डोळे मिटून पडलेले असताना. त्यांना कळलं तर ते मशीनच बंद करायला लावतील, ही तिची भीती. मला म्हणाली, “तुझ्या काकांपुढे एक शब्द काढलास तर याद राख.”

मी गप्प बसले, पण काकांच्या शिष्याला गाठलं. सगळे त्याला पक्कड म्हणत. तो तीन तारांची जाड वायर, सॉकेट आणि भिंतीवर बसवायचा डबा घेऊन आला. पलंगाच्या उशाशी त्याने भोकं पाडली आणि मग तोंडातून निघून गेलं, “उस्ताद, जुनी वायरच राहू दे का? नुसता डबा भिंतीला ठोकतो, पाच मिनिटांचं काम.”

काका उसळले. “भिंतीवर चढवलं म्हणून ते भिंतीतलं होतं का रे? दोन तारांवर तीन भोकांचं सॉकेट बसवणार? हेच शिकवलं मी तुला?” पुढे खोकल्याची अशी उबळ आली की बोलणं तिथेच तुटलं. हाताने मात्र त्यांनी दार दाखवलं. पक्कड सामान तिथेच टाकून गेला तो पुन्हा फिरकला नाही. दुसरा कुणी यायला तयार नव्हता. उस्तादांच्या घरात हात घालून बोलणी खायची हौस कुणाला? मी दुकानातून तयार बोर्ड आणला, तर त्याची वायर बोटांत चोळून काका म्हणाले, “वायर आहे का केस?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काका, श्वास तुमचाच अडकलाय, आमचा नाही,” मी म्हणाले. मावशीने माझ्याकडे डोळे वटारले.

नव्या वायरच्या एका टोकाला प्लग काकांनी पडल्या पडल्या, थांबत थांबत स्वतः जोडला. दुसऱ्या टोकाला सॉकेट जोडून ते भिंतीवर बसवायला उभं राहणं भाग होतं, आणि ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग ते मावशीला म्हणाले, “तू बसव. मी सांगतो.”

“मी?” मावशी म्हणाली. “मला बल्ब बदलायची भीती वाटते.”

“म्हणूनच नीट करशील.”

वीज गेली तर हाताशी असावा म्हणून मशीनच्या कंपनीने ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर दिला होता. दुपारी मशीन बंद केलं, नळी सिलिंडरला लावली. सिलिंडर किती भरलाय ते दाखवणारा काटा लाल रेघेच्या बराच वर होता. जुना साप मावशीने उपटला, कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि कोपऱ्यात फेकले. नव्या वायरचा प्लग काकांनी मागून घेतला आणि मुठीत धरला. काम चालू असताना कुणी चुकून बाहेर लावायला नको म्हणून. मी उंबऱ्यापासून भिंतीच्या कडेकडेने क्लिपा ठोकत आले. मावशीने डबा भिंतीला आवळला, वायर त्यात घेतली आणि आतली पट्टी तिच्यावर घट्ट बसवली, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण जोडांवर येणार नाही. शिवणकामाचा हात तो, तिने तारांची टोकं नखाएवढी सोलली, तांब्याचा एक केसही तुटू दिला नाही.

काका एकेक शब्द मोजून टाकत होते. “लाल... इकडे. आवळ. आता ओढ.”

मावशीने लाल तार ओढून बघितली. हलली नाही.

“काळी. आवळ. ओढ.”

तीही पक्की बसली. “हिरवी,” काका म्हणाले, “वर.” मावशीने हिरवी वरच्या भोकात घातली, स्क्रू आवळला, आणि तेवढ्यात सिलिंडरची बारीक शीळ थांबली.

काटा होता तिथेच होता. तो अडकलेला काटा आम्हाला इतका वेळ खोटी आशा दाखवत होता. काकांची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. मावशीने सॉकेट डब्यात ढकललं, दोन्ही स्क्रू फिरवले, मशीनची पिन त्यात खुपसली आणि हात पुढे केला. “द्या तो प्लग.”

काकांनी मान हलवली.

“अहो, झालंय सगळं. द्या.”

“हिरवी,” ते म्हणाले. “ओढली... नाहीस.”

मशीन उचलून बाहेर न्यावं म्हणून मी झेपावले, पण नळी उंबऱ्यापर्यंतसुद्धा पुरेना. नळी काढून न्यायची तर मशीन बाहेर आणि माणूस आत. मावशी त्यांची मूठ सोडवायला लागली. एकेक बोट उलगडायची, तोवर दुसरं मिटायचं. त्या मरणाच्या दारातल्या माणसात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. ओठ निळे, कपाळावर घाम, डोळे सॉकेटवर. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खराखुरा राग. जन्मभर ज्याने स्वतःच्या घरात एक काम धड केलं नाही, त्याला आत्ता नियम आठवावा.

“मरा मग एकदाचे,” मावशी ओरडली आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

स्क्रूची खाच तिला पटकन सापडेना, पण एकेक करून दोन्ही स्क्रू निघाले. तिने सॉकेट पुढे ओढलं, हिरवी तार चिमटीत धरली, आणि ती अलगद तिच्या हातात आली. स्क्रू तांब्यावर नव्हे, प्लास्टिकवर आवळला होता. तिने टोक दातांनीच आणखी सोललं, परत घातलं, आवळलं, ओढलं. पुन्हा ओढलं. झाकलं.

मग काकांची मूठ आपोआप उघडली. मी प्लग घेऊन बाहेर पळाले. मशीन सुरू झालं.

ओठांवर रंग यायला फार वेळ लागला. तोवर आम्ही दोघी पलंगाला धरून उभ्या होतो. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मावशीचा बांध फुटला. “काय मिळालं तुम्हाला एवढं करून? ती तार नसती तरी मशीन चाललं असतं ना?”

“चाललं असतं,” काका म्हणाले.

“मग?”

काकांनी सॉकेटकडे बोट केलं. “माझ्या नाकात प्लास्टिकची नळी. मला काय होणार? पत्र्यात उतरलेली वीज ती हिरवी जमिनीत नेते. पत्र्याला हात तू लावतेस.” त्यांनी दम घेतला. “पट्टीने बटण दाबतेस. दिसतं मला.”

मावशी मशीनकडे वळली. मग तिने मशीनच्या पत्र्याला आधी बोटाची पाठ लावून पाहिली आणि मग आख्खा तळवा ठेवला. काही झालं नाही. हात तिथेच ठेवून ती खाली बसली आणि रडायला लागली.

“मी तुम्हाला मरा म्हणाले,” ती म्हणाली.

“ऐकलं,” काका म्हणाले. “आता पक्कडला निरोप पाठव. एकदा तपासून जाऊ दे. मी काही बोलणार नाही त्याला.”