पातेल्याखालचा रेडिओ

गयाबाई तायडे निवृत्त झाल्या तेव्हा मुलींच्या वसतिगृहाने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. फाटक मात्र दिलं नाही, आणि त्यांना खरी गरज फाटकाचीच होती.

त्या तिथल्या मेट्रन. जन्म महूच्या छावणीतला, वडील फौजेत, त्यामुळे 'परवानगी' हा शब्द त्या बोलायला शिकल्या तेव्हाच शिकल्या असाव्यात. त्यांच्या कारकिर्दीत एका मुलीचे सख्खे काका ओळख पटेपर्यंत बाहेर उन्हात उभे राहिले होते. आणि ओळख पटली तेव्हा भेटीची वेळ संपली म्हणून तसेच खंडव्याला परत गेले होते. मुली त्यांना टरकून असायच्या, पण ताप आला की त्यांच्याच खोलीत येऊन झोपायच्या.

आता त्या लेकीबरोबर खंडवा रोडवरच्या एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होत्या. अडवायला कोणी उरलं नव्हतं. कचरागाडीचा ड्रायव्हर बदलला की नव्याचं नाव-गाव विचारून घ्यायच्या. दूधवाल्याऐवजी त्याचा भाऊ आला तर आधी दूधवाल्याला फोन.

"आई, तो दूध द्यायला आलाय," लेक संबोधी म्हणायची, "घेऊन जायला नाही."

"तेच तर. घेऊन जाणारे पण आधी द्यायलाच येतात."

संबोधी इंजिनियर होती. शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करायची. कंपनी म्हणजे ती, अर्पित आणि मालक अभिराम सर. सरांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते आणि सर अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम द्यायचे.

शेतातून माहिती घरापर्यंत बिनतारी पोचवायची म्हणून कंपनीने नव्या रेडिओ मॉड्यूलचं डेव्हलपमेंट किट मागवलं. दोन हिरव्या पट्ट्या म्हणजे बोर्ड, दोन वीतभर अँटेना, आणि खोक्यावर छापलेलं भलंमोठं अंतर. सर म्हणाले, "खोक्यावर काय, लग्नाच्या बायोडाटातही लिहितात. आपण मोजून बघू."

आधी संबोधीने दोन्ही बोर्ड जेवणाच्या टेबलावर मांडले. एकमेकांपासून हातभर अंतरावर असूनही ते अख्खी संध्याकाळ बोलेनात. एक परदेशी फ्रीक्वेन्सीवर होता, दुसरा इथल्या. गयाबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या. म्हणाल्या, "नवरा-बायको वाटतात."

शेवटी दोघांना एकाच फ्रीक्वेन्सीवर आणल्यावर ते जुळलं. मग ठरलं असं: एक बोर्ड संबोधीच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवायचा, दुसरा घेऊन तिने स्कूटीवरून सिमरोल गावाकडे जायचं आणि कुठपर्यंत ऐकू येतं ते बघायचं. गच्चीवर अर्पित बसणार होता. सकाळी अर्पितचा फोन आला की त्याला सडकून ताप आहे. सरांना अहवाल त्याच दिवशी हवा होता. घरात माणूस एकच होतं.

संबोधीने पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर बोर्ड, बोर्डाला पॉवर बँक.

"आई, हा थोड्या थोड्या वेळाने हाक मारत राहतो. मारली की हा हिरवा दिवा लुकलुकतो. माझ्याकडचा ती हाक ऐकतो. मी लांब लांब जाणार आणि किती हाका ऐकू येतात ते मोजणार. तू काही करायचं नाहीस. फक्त हे कोणी हलवायचं नाही, आणि अँटेना तर मुळीच काढायची नाही. काढली तर जळून जाईल."

गयाबाईंना त्यातलं 'कोणी' आणि 'नाही' एवढं पुरेसं होतं. संबोधीची स्कूटी वळली आणि त्या आत जाऊन ड्यूटीची करड्या काठाची साडी नेसून आल्या. गळ्यात शिट्टी, हातात काठी. जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या.

पहिल्या बळी सरलावहिनी, खालच्या मजल्यावरच्या. बिचाऱ्या वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या.

"काय काम आहे?"

"गयाबाई, अहो मी!"

"तुम्ही दिसताय मला. काम काय?"

"चादरी आहेत माझ्या."

"इथूनच सांगा कुठल्या. मी आणून देते." आणि खरंच त्यांनी चादरी, उशांचे अभ्रे घडी घालून दारात आणून दिले. सरलावहिनींना शेवटी आपलंच काम सोपं झाल्यासारखं वाटलं.

मग लंगूर आलं. शेजारच्या गच्चीवरून उडी मारून ते टाकीवर बसलं आणि अँटेनाकडे अशा नजरेने बघू लागलं ज्या नजरेने मंडईत माणसं काकडीकडे बघतात. गयाबाईंनी शिट्टी फुंकली. लंगूर हललं नाही. काठी आपटली. ते जरा सरकलं, पण गेलं नाही. वसतिगृहाच्या इतक्या वर्षांत त्यांना ओळखपत्र न मागता येणारा पाहुणा हा पहिलाच.

त्यांनी डोकं लढवलं. खाली जाऊन मोठं स्टीलचं पातेलं आणलं, बुद्धपौर्णिमेला खीर करतात ते, आणि स्टुलावर उपडं घातलं. बोर्ड, अँटेना, पॉवर बँक, सगळं झाकलं गेलं. लंगूर थोडा वेळ पातेल्यात स्वतःचं तोंड बघत बसलं आणि कंटाळून निघून गेलं.

त्याच वेळी तेजाजी नगर ओलांडून पुढे गेलेल्या संबोधीच्या बोर्डावर हाका येणं बंद झालं.

तिने बोर्ड उंच धरला. स्कूटीच्या सीटवर उभी राहिली. काही नाही. शेवटी तिने आईला फोन लावला.

"आई, दिवा लागतोय का?"

"थांब, बघते." गयाबाईंनी एका हाताने पातेलं उचललं. "लागतोय."

"अँटेना सरळ आहे?"

"एकदम ताठ."

संबोधीच्या स्क्रीनवर हाका धडाधड यायला लागल्या. "आलं, आलं! ठेवते मी."

गयाबाईंनी फोन ठेवला आणि पातेलंही. हाका बंद.

पातेल्याचं त्यांनी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, ही नोकरीची सवय.

उमरीखेडा गाव येईपर्यंत हेच चाललं. फोन लावला की सिग्नल येई, ठेवला की जाई. संबोधीने घाबरत घाबरत सरांना कळवलं. सरांनी तिला आकडे पुन्हा वाचायला लावले.

"परत करून बघ."

तिने केलं. पुन्हा तेच.

"संबोधी," सरांचा आवाज बदलला होता, "मोबाइलचा कॉल चालू असताना आपली रेंज वाढते आहे."

"सर, असं होऊच शकत नाही."

"होऊ शकत नाही हे मलाही कळतं. पण होतंय ना? हे काहीतरी नवीन आहे. तू आईंना फोन लाव आणि ठेवूच नकोस. तशीच पुढे जा."

संबोधीने कानात इयरफोन घातला. "आई, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

हे वाक्य त्यांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. फोन चालू म्हणजे दिवा बघायचा, म्हणून त्यांनी एका हाताने पातेलं उचलून धरलं आणि सुरुवात केली. सरलावहिनींच्या चादरी कशा पिवळट पडल्यात, महूच्या मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, वसतिगृहातली ती पोरगी जिने शिक्षण संपल्यावर पळून जाऊन लग्न केलं आणि मग आशीर्वादाला पहिली यांच्याकडेच आली. सिग्नल झकास चालला होता. मध्येच त्या म्हणाल्या, "हात भरून आला गं माझा."

"मग दुसऱ्या हातात घे."

"दुसऱ्या हातात फोन आहे."

संबोधी तेव्हा ट्रकला ओव्हरटेक करत होती. तिला फक्त 'फोन आहे' ऐकू आलं. "बरं बरं, बोलत राहा," ती म्हणाली.

इकडे अभिराम सरांना ऑफिसात बसवेना. गाडी काढून ते थेट संबोधीच्या इमारतीत आले, धापा टाकत जिने चढले, आणि गच्चीच्या दारात एक काठी आडवी आली.

"नाव?"

"मी अभिराम. संबोधीच्या कंपनीचा..."

"संबोधीने कोणी येणार असं सांगितलेलं नाही." गयाबाईंनी त्यांना आजवर फोटोतही पाहिलं नव्हतं. "इथंच थांबा. विचारते तिला."

बोलून बोलून घसा सुकला म्हणून त्यांनी नुकताच फोन ठेवला होता, आणि अर्थातच पातेलंही. आता त्यांनी पुन्हा फोन लावला. "संबोधी, एक गृहस्थ आलेत, अभिराम म्हणतात. सोडू का?" आणि तोवर दिवाही बघून ठेवावा म्हणून सहज पातेलं उचललं.

सरांनी ते पाहिलं. फोनवर संबोधी ओरडत होती, "सिग्नल आला! आई, सर आहेत ते, सोड त्यांना!"

सर आत आले नाहीत. ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"काकू," त्यांनी विचारलं, "हे पातेलं कधीपासून आहे?"

"माकड आलं तेव्हापासून. धुतलेलं आहे हो, स्वच्छ."

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. एव्हाना त्यांनी ही नवी गोष्ट दोन प्राध्यापक मित्रांना कळवली होती. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देऊन. मग त्यांनी गयाबाईंना हळूच समजावून सांगितलं की स्टीलच्या भांड्यातून रेडिओच्या लहरी बाहेर पडत नाहीत. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही, आणि त्यामुळेच गयाबाईंचा चेहरा जास्त उतरला. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, काठी सरांच्या हातात दिली आणि पातेलं घेऊन खाली गेल्या.

माकडाची भीती होतीच, म्हणून दुपारभर अभिराम सरच काठी घेऊन उन्हात उभे राहिले. सिमरोलच्या लसणाच्या शेतांतून संबोधीला हाका व्यवस्थित ऐकू आल्या. अंतर खोक्यावरच्यापेक्षा बरंच कमी, पण कामाला पुरेसं.

संध्याकाळी ती घरी आली तर आई जेवलेली नव्हती.

"इतक्या वर्षांत एक पोरगी नाही हरवली माझ्याकडून," गयाबाई म्हणाल्या, "आणि एक डबी नाही सांभाळता आली."

"सांभाळलीस गं. जास्तच सांभाळलीस."

गयाबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. तेवढ्यात सर गच्चीवरून उतरले, टोमॅटोसारखे लाल. काठी दाराशी टेकवली. गयाबाईंनी त्यांना ताक दिलं, भाकरी वाढली. खाता खाता सर म्हणाले, "काकू, पुढच्या आठवड्यात गौतमपुऱ्याला हीच टेस्ट आहे. अर्पितला तोवर अशक्तपणा असेलच. याल का? गच्ची तुमची."

गयाबाईंनी आधी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"येईन. पण गच्चीवर नाही बसणार. जन्मभर दुसऱ्यांना लांब जाताना बघत बसलेय. मला तो लांब जाणारा डबा पाहिजे."

गौतमपुऱ्याला शेतकऱ्याच्या गच्चीवर अभिराम सर बसले. बोर्ड कुरियरच्या पिशवीत घालून गयाबाई चालू लागल्या. गव्हातून, मग बटाट्याच्या वाफ्यांच्या कडेने. आधी दर थोड्या वेळाने फोन करून "येतंय, येतंय" सांगत होत्या. मग फोन येईनासा झाला. संबोधीने लावला तर आई मटार तोडणाऱ्या बायकांत बसली होती.

"आई, सिग्नल येतोय का?"

"येतोय ना. अजून जाते जरा पुढे. या म्हणतायत, पुढच्या विहिरीचं पाणी गोड आहे."

"परत कशी येणार?"

"बघू!" आणि फोन बंद झाला. असं त्यांनी आयुष्यात कोणाशी केलं नव्हतं. आणि कोणी त्यांच्याशी केलं असतं तर शिट्टी वाजली असती.

त्या ऊन कलल्यावर परतल्या, एका अनोळखी माणसाच्या ट्रॅक्टरवर, चाकावरच्या सीटवर बसून, ओच्यात मटाराच्या शेंगा घेऊन. बोर्डाचा दिवा अजून लुकलुकत होता. संबोधी आणि सर धावत पुढे गेले.

"कोण आहे हा ट्रॅक्टरवाला?" संबोधीने दबक्या आवाजात विचारलं.

"काय माहीत," गयाबाई म्हणाल्या. "चांगला आहे. आधी मला उतरायला स्टूल आणा कोणीतरी."