उघाडी

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत पाणी सोडणारे काका मीटरकडे कधी बघत नाहीत. व्हॉल्व्ह फिरवतात, पाइपाला कान लावतात आणि म्हणतात, "आला पानी."

परदेशातून आल्यावर मी त्यांना मोबाइलवर तिथला जगप्रसिद्ध धबधबा दाखवला. त्यांनी नुसती मान हलवली. पुढचा व्हिडिओ जुन्या कालव्याचा होता. मोठी दारं मिटली, पाणी चढलं आणि आमची बोट अलगद वर आली. काका ओरडलेच, "अगो, ही तं उघाडी!"

खाडीच्या बांधात भरतीचं पाणी अडवायला लाकडी दार असतं, ती उघाडी. काकांच्या वडिलांनी गावची उघाडी जन्मभर सांभाळली होती.

"पुनवेला दुपारी ये, बाय. होरीनं नेतो, दावतो."

पौर्णिमा सोमवारी होती. धबधब्यासाठी मी पंधरा दिवस रजा टाकली होती. या सोमवारसाठी एक टाकवली नाही. पुढच्या रविवारी सकाळी न सांगताच त्यांच्या गावच्या खाडीवर गेले. ओहोटी होती. काकांची होरी, म्हणजे होडी, चिखलात रुतून बसलेली, बसायच्या फळीला माझ्यासाठी सतरंजी बांधलेली. काका काठावरच होते.

"पान्याला रईवार कलत नाय, बाय."

"पुढच्या पौर्णिमेला नक्की येते, काका."

"होरी इकली, उद्या नेनार. तुला नेवाचं म्हनून थांबलो व्हतो."

काका आजही पाइपाला कान लावतात. मी समोर दिसले की अदबीनं सांगतात, "मॅडम, आला पानी."