डायनाचं नाव कुठल्या रकान्यात

मयूराने परदेशात, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत डेटा सायन्स केलं, तिथेच कायम राहायचा पीआर मिळवला, आणि नोकरी लागली ती सव्वादोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकन मृत्युपत्रं कॉम्प्युटरवर चढवायची. आपली वंशावळ शोधणाऱ्यांसाठी. रकाने ठरलेले. 'व्यक्ती'मध्ये मृत्युपत्र करणारा, वारस, साक्षीदार. उरलेलं सगळं 'मालमत्ता'. शोध चालायचा तो फक्त व्यक्तींच्या रकान्यात.

एका सोमवारी अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या बाईंची तक्रार आली. त्या व्हर्जिनियातल्या डायना नावाच्या पूर्वजेला शोधत होत्या. सापडत नव्हती.

मयूराने जुनी फाइल उघडली. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच भरलेली. 'मुलगी सारा हिला पिसांची गादी एक, तपकिरी गाय एक, डायना नावाची पोर, वय सुमारे नऊ, आणि तिला पुढे होतील ती मुलं.' नियम पाळून मयूराने डायनाला गादी आणि गायीच्याच रकान्यात टाकलं होतं.

चार दिवसांत तिने अशी चारशे बारा नावं शोधून व्यक्तींमध्ये हलवली. नात्याचा रकाना सक्तीचा होता. त्यात मुलगा, पत्नी, साक्षीदार एवढेच पर्याय. तिने नवा जोडला: 'या माणसाने गुलाम ठेवलेली व्यक्ती'.

शुक्रवारी दुपारी टीम लीड दत्तप्रसाद तिच्या टेबलाशी आला. हाही तिच्यासारखा पुण्याचाच.

"क्लायंटला न विचारता स्ट्रक्चर बदललंस? पुढच्या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, माहितीये ना?"

"माहितीये."

"सांगलीच्या प्लॉटच्या हक्कसोडपत्रावर सही न करता भावाशी भांडलीस. आता क्लायंटशीही भांड."

"तिकडे माझं नाव वाटेकऱ्यांत तरी होतं, दत्ता. या डायनाचं वाटणीच्या मालात आहे."

"आपण डेटा भरतो गं. इतिहास नाही सुधारत."

"बरोबर. कागदावर माणूस आहे, मी माणूस भरला. गायीशेजारी बसवली होती, ती चूक माझी होती."

"सगळं परत पहिल्यासारखं कर. आज."

"मी नाही करणार. तू कर, तुझ्या लॉगिनने."

तो खरंच खुर्ची ओढून बसला. पहिलं नाव डायनाचंच होतं. 'डिलीट' दाबल्यावर चौकट आली. व्यक्ती काढायची तर प्रत्येक वेळी कारण लिहावं लागे, आणि खाली काढणाऱ्याचं नाव कायमचं राहत असे.

त्याने 'व्यक्ती नाही' असं लिहिलं. पुसलं. 'मालमत्ता' लिहिलं, तेही पुसलं.

"तूच सांग काय लिहू," तो चिडून म्हणाला.

"मला सुचलं असतं तर मीच काढलं असतं."

त्याने चौकट बंद केली.

"क्लायंटचा कॉल सोमवारी नऊला आहे. मी तुझी बाजू घेईनच असं नाही."

"नको घेऊस. मला लाइनवर घे फक्त."

तो गेल्यावर तिने त्या बाईंना उत्तर लिहिलं: तुमची डायना सापडली. सोबत लिंक जोडली, आणि सोमवारची वाट न बघता मेल पाठवून दिला.