पहिलं नाव मानाचं

निमोण्यात कुणाचंबी लगीन निघालं की पत्रिका छापायला टाकायच्या आधी लोक कच्चा कागद घेऊन माझ्या भावाच्या ओट्यावर येतात. हौसराव त्याचं नाव. कुलदैवत कुठं, वारलेले आजोबा कुठं, सरपंच आधी का सोसायटीचे चेअरमन आधी, मामाकडच्यांचं नाव किती खाली गेलं की रुसवा होतो, सगळं त्याला तोंडपाठ. कांदा हाय, ऊस हाय, शेतीत बरं चाललंय, पण गावात त्याची ओळख विचाराल तर हीच. मांडवात माईकबी त्याच्याच हातात.

बन्सीच्या लग्नात दोन चुलत्यांची जुंपली होती, पत्रिकेत वर कुणाचं नाव म्हणून. धाकटा म्हणायचा मी पुढारी, थोरला म्हणायचा मी आधी जन्माला आलो. हौसानं काय करावं? निम्म्या पत्रिकांत हा वर छापला, निम्म्या पत्रिकांत तो. ज्याच्या त्याच्या पाहुण्यांत त्याची त्याची पत्रिका वाटली. बन्सीची पोरं शाळेत जायला लागली तरी दोघांना अजून पत्ता न्हाई.

मी त्याची थोरली बहीण, गिताबाई. मला दौंडला दिली, नवरा रेल्वेत, आमचं सगळं आयुष्य रेल्वे कॉलनीत गेलं. माझं तोंड फटकळ हाय हे सगळ्यांना ठाऊक हाय, त्यामुळं मी त्याला तोंडावर म्हणायची, "हौशा, गावभर मान वाटत फिरतोस, घरच्यांना काय उरतंय का बघ." तो हसायचा. "आक्का, मान दिल्यानं आपलं काय जातंय?" म्हणायचा.

त्याला एकच लेक, सुलक्षणा. दहावीला शाळेत पहिली आली आन् अकरावीला माझ्याकडं राहायला आली. निमोण्यातनं रोज क्लासला जाणं जमण्यासारखं नव्हतं. दोन वर्षं ही पोरगी माझ्या घरात होती, पण लग्नकार्य न्हाई, जत्रा न्हाई, टीव्ही न्हाई. रविवारी डेमू गाडी धरून पुण्याला सराव परीक्षेला जायची आन् आली की आधी चुकलेली गणितं घेऊन बसायची, जेवण मागनं. मी म्हणायची, "अगं बरोबर आलेली बघ की जरा, जिवाला बरं वाटंल." तर म्हणायची, "आत्या, बरोबर आलेल्यानं मार्क वाढत नाहीत." मी भाकरी थापत असले की ती ओट्याला टेकून फॉर्म्युले म्हणायची. मला अर्थ कळत नव्हता, पण कुठं अडखळली ते बरोबर कळायचं.

तिला एकच कॉलेज पाहिजे होतं. पुण्याचं जुनं सरकारी, आन् त्यात कॉम्प्युटर. एकदा परीक्षा सुटल्यावर एकटीच तिथं जाऊन आली. वॉचमननं आत सोडलं न्हाई. "गेटातनं दिसतं तेवढं बघून आले," म्हणाली, आन् त्या दिवशी न सांगता दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सीईटीचा निकाल लागला तवा नव्याण्णवच्या वर पर्सेंटाईल. गेल्या वर्षी त्या कॉलेजात किती पर्सेंटाईलवर यादी थांबली ते तिनं मोबाईलमधी काढून दाखवलं. तिचं बसत होतं, काठावर न्हाई, चांगलं वर. मी कॉलनीत पेढे वाटले. हौसा निमोण्यातनं आला तो फेटा बांधूनच आला, येडा.

आन् इथंच घोटाळा झाला. त्यांच्या भागातले जयसिंगदादा म्हंजी मोठं प्रस्थ, सहकारातलं माणूस, त्यांच्या संस्थेनं माळावर नवं इंजिनिअरिंग कॉलेज काढलेलं. निकालानंतर एका साखरपुड्यात भर पंगतीत दादा हौसाला म्हणाले, "काय हौसराव, लेकीच्या फॉर्मात आमच्या कॉलेजला जागा हाय का न्हाई?" माझ्या भावाला मान मागितला आन् त्यानं दिला न्हाई असं कवा झालंय का? सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, पहिलं नाव तुमचंच."

कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरायला आम्ही दौंडात सुभानच्या दुकानात गेलो. सुभान आमच्या कॉलनीतल्या सगळ्या पोरांचे फॉर्म भरतो. सुलीनं यादी करून आणली होती, सरकारी कॉलेज एक नंबरला. हौसा म्हणाला, "एक नंबरला दादांचं टाक, मग तुझं."

पोरीनं यादी त्याच्या पुढं धरली. "पप्पा, असं नसतं. कॉम्प्युटर वरून वाचत येतो. जिथं मार्क पुरतात तिथं थांबतो आणि ते कॉलेज देतो. दादांच्या कॉलेजला माझे मार्क पुरणारच. आणि एक नंबरचं मिळालं की संपलं, पुढच्या फेरीत जाता येत नाही."

"व्हय मामा," सुभान म्हणाला, "जे पाहिजे तेच वर टाका. हितं भीडभाड चालत न्हाई."

हौसा हसला. त्याला वाटलं ही पोरं उगं घाबरत्यात. म्हणाला, "अरे, एवढे मार्क पडल्यावर सरकार हिला माळावर टाकंल व्हय? पहिलं नाव मानाचं असतंय. पत्रिकेत खंडोबाचं नाव वर असतंय, म्हणून काय खंडोबाशी लगीन लागतंय का?"

मी म्हटलं, "हौशा, तिला कळतंय तेवढं तुला कळत न्हाई. ऐक तिचं."

"आक्का, मी चार माणसांत शब्द दिलाय. उद्या दादांनी फॉर्म बघायला मागितला तर काय दाखवू? आन् काय कमी-जास्त झालंच तर दादा बसल्यात की. एका फोनचं काम."

सुलीनं बापाकडं बघितलं. मला वाटलं आता रडंल, भांडंल, मी तर वाटच बघत होते भांडायची. तिनं माऊस घेतला आन् स्वतःच्या हातानं दादांचं कॉलेज वर नेलं. हौसाच्या मोबाईलवर ओटीपी आला, तो त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. सुभाननं बटण दाबायच्या आधी पुन्हा विचारलं, "मामा, दाबू?" हौसा म्हणाला, "दाब की."

यादी लागली तवा पोरगी माझ्याकडंच होती. मोबाईल बघितला आन् मला दाखवला. दादांचंच कॉलेज. मी त्या मोबाईलला, दादाला, हौशाला, ज्याच्या त्याच्या नावानं शिव्या घातल्या. ती गव्हाच्या परातीपाशी जाऊन बसली आन् खडे निवडायला लागली. निवडलेले गहू होते ते. माझ्याच डोळ्याला धार लागली होती.

मी सुलीला घेऊन निमोण्याला गेले. हौसा दादांकडं धावला. दादा गोड बोलले. "हौसराव, हे सगळं ऑनलाइन हाय, आमच्या हातात काय ऱ्हायलंय? आन् वाईट काय झालं? लेक घरापाशी राहील. आमच्या कॉलेजला अशी पोरगी आली हे आमचं भाग्य." तो माघारी आला आन् दारात चपलासुद्धा न काढता पायरीवर बसला. शितल, त्याची बायको, पाणी घेऊन आली तर तांब्या हातात धरून तसाच. "आक्का," मला म्हणाला, "कॉम्प्युटरला मान कळत न्हाई गं."

मी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

त्यानं सुलीला म्हटलं, "यंदा सोडून दे. घरी बस, पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. मी कुणाला काय बी सांगंन." ती म्हणाली, "परत एवढे पडतीलच असं नाही पप्पा. आणि आता प्रवेश सोडला तर तुम्ही दादांना तोंड कसं दाखवणार?" पोरीनं प्रवेश घेतला.

आठवड्यात निमोण्याच्या चौकात बोर्ड लागला. सुलीचा फोटो, शेजारी दादांचा त्याहून मोठा, आन् खाली लिहिलेलं, 'गुणवंतांची पहिली पसंती'. खोटं कसं म्हणायचं? फॉर्मात तसंच होतं. हौसा शेताला बांधावरनं जायला लागला, चौक नको म्हणून.

मग कॉलेजात सत्काराचा कार्यक्रम ठेवला. मीबी दौंडवरनं गेले. मांडव भरलेला, पोरापोरींचे आईबाप, संस्थेचे गावोगावचे सदस्य. सुलीला शाल दिली, नारळ दिला. दादांनी स्वतः हौसाला फेटा बांधला आन् म्हणाले, "हौसराव आजवर आपल्या सगळ्यांची नावं घेत आलेत, आज त्यांनी दोन शब्द बोलावं."

हौसानं माईक धरला. जन्मभर माईक धरलेला माणूस, पण आज नमस्कार-चमत्कार काय केला न्हाई. म्हणाला, "माझ्या पोरीला पुण्याला जायचं होतं. दोन वर्षं ती त्याच्यासाठी झिजली. फॉर्म भरताना तिनं मला सांगितलं, पप्पा असं करू नका. मी ऐकलं न्हाई. तुमच्यात माझी पत राहावी म्हणून मी माझ्या लेकीचं कॉलेज घालवलं. सुले, मला माफ कर."

मला वाटलं, आता कुणीतरी खाली मान घालंल. दादा उठले. म्हणाले, "बघा, मोठ्या मनाचा बाप असा असतो. पुण्याचा मोह सोडून यांनी मातीला मान दिला." आन् टाळ्या वाजवायला लागले. मग सगळा मांडव वाजवायला लागला. हौसा माईक धरून तसाच उभा.

मी सुलीकडं बघितलं. शाल आवरून ती खुर्चीत बसली होती, बापाकडं बघत. तिनं मांडीवरचा नारळ उचलून खाली पायापाशी ठेवला, दोन्ही हात मोकळे केले, आन् तीबी टाळ्या वाजवायला लागली.