दळण दुसरीकडे

"कशाला भ्यायचं?" हे ती ओरडूनच विचारायची. रागाने नव्हे. वीस वर्षं पिठाच्या गिरणीच्या घरघरीत उभं राहून तिला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. केजमधल्या आमच्या गल्लीत सगळे तिला मावशी म्हणायचे. कुणाच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी ती कानात सांगायला गेली, तरी चौकापर्यंत ऐकू जायची. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल.

मी शाळामास्तर. रविवारी ज्वारीचा डबा घेऊन तिच्याकडे जायचो. तेव्हा मोबाईलवर रोज कुठल्यातरी मारहाणीचा व्हिडिओ यायचा. आम्ही तो बघायचो, पुढे पाठवायचो आणि दाराला जास्तीची कडी बसवून घ्यायचो. एकदा मी तिलाही दाखवला. "ते मार खानारं लेकरू कुणाचं हाय, हे इचारलं का कुणी?" एवढंच म्हणाली आणि पीठ चाळायला लागली.

त्यानंतरच्याच एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, चौघांनी समोरच्या चहाच्या टपरीवरून एका माणसाला ओढलं आणि पाइपाने मारायला सुरुवात केली. धडाधड शटरं पडली. मी डबा धरून गिरणीच्या दारात उभा होतो.

मावशीने गिरणी बंद केली. "अरे, मरंल की त्यो!" ओरडत ती पिठाने माखलेली तशीच मध्ये जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला ढकललं. ती पडली, उठली, पुन्हा उभी राहिली. काय झालं कोण जाणे, चौघे गाड्यांवर बसून निघून गेले. तिने त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्यावर पीठ आणि रक्त यांचा चिखल झाला होता.

पोलीस आले. "मी शाळेत होतो," मी सांगितलं. रविवार असल्याची आठवण हवालदाराने करून दिली नाही. मावशीने चौघांची नावं सांगितली. नेहमीच्याच आवाजात.

तिला धमकी आली नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. पण गल्लीत एक पांढरी गाडी दोनदा दिसली, असं कुणीतरी म्हणालं. आठवड्याने ती चारदा दिसलेली होती. मग तिला नंबरप्लेट नव्हती. मग आत माणसं बसलेली होती. मी स्वतः ती पाहिली नव्हती, पण मीही शाळेत सांगितलं.

बायका दळण दुसरीकडे नेऊ लागल्या. "आपल्याला लेकरंबाळं आहेत," माझी बायको म्हणाली. मी डबा सायकलला अडकवून लांबच्या गिरणीवर जाऊ लागलो.

एकदा बाजारात तिने मला गाठलं. पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"गुरुजी, मारणारे आले न्हाईत माझ्याकडं. तुमीच आला न्हाईत."

मी वांगी निवडत राहिलो. ती निघून गेली. मला वाईट वाटलं, असं म्हणता येणार नाही. काहीच वाटलं नाही.

दोन महिन्यांनी पांढरी गाडी खरंच आली. आम्ही सगळे खिडक्यांच्या फटीतून बघत होतो. गाडीतून तिचा जावई उतरला. मांजरसुंब्याला त्याचा ढाबा आहे. ते प्रकरण झाल्यापासून तोच सासूची विचारपूस करायला येत होता. त्याने तिची ट्रंक मागे टाकली. ती पुढे बसली. निरोप द्यायला कुणी गेलं नाही.

मागच्या आठवड्यात तो मार खाल्लेला माणूस गल्लीत आला. काठी टेकत होता. पिशवीत नवं लुगडं होतं.

"सर, ती गिरणीवाली मावशी कुठं ऱ्हाती आता?"

"माहीत नाही," मी म्हणालो. विचार करायच्या आतच तोंडून निघून गेलं.

त्याने मान हलवली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि शेजारच्या घराचं दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. तो बंद झाला.